ढगात गेलेले आणि घरी आलेले

अध्यक्षमहाराज, संयोजक मंडळी आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘युद्धकाळातला नॉरफोक परगणा : लोक आणि माजी सैनिक’ असा छापलेला आहे. मागच्या रांगेत जी कुजबुज चालली आहे ती मला ऐकू येते. बेळगावात बसून इंग्लंडमधल्या एका परगण्याची उठाठेव कशाला, हेच ना? तर ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा नॉरफोक रेजिमेंटची दुसरी पलटण आपल्या या गावात होती. सहावी पूना डिव्हिजन, तिची अठरावी ब्रिगेड, आणि त्या ब्रिगेडला म्हणायचेच बेळगाव ब्रिगेड. तिच्यात चार पलटणी. एक ही नॉरफोकची गोरी पलटण, बाकीच्या तीन इथल्या: ११० वी मराठा लाइट इन्फंट्री, ७ वी राजपूत आणि १२० वी राजपुताना. ११० व्या मराठ्यांची पुढे काय काय नामांतरं झाली ते मराठा सेंटरमधली निवृत्त मंडळी समोर बसली आहेत, त्यांना तोंडपाठ आहे. आजची २ पॅरा ती हीच. तेव्हा नॉरफोकची पोरं काही आपल्याला अगदीच परकी नाहीत. कँपातल्या याच रस्त्यांवर त्यांनी घाम गाळलाय, आणि बेळगावचा पाऊस बघून घरी पत्रं लिहिली असतीलच, कारण पावसाबद्दल लिहिलं नाही तर इंग्रजाचं पत्र पुरं होत नाही.

आता हा परगणा कुठे? इंग्लंडच्या नकाशात पूर्वेला जो फुगवटा आहे, तो. सपाट मुलूख, शेती, मासेमारी, आणि मोठं शहर म्हणावं असं एकच, नॉर्विच. मोहरी आणि पादत्राणं यांसाठी प्रसिद्ध. नेल्सन इथला. एडिथ कॅव्हेल ही नर्सही इथलीच. दोनेकशे सैनिकांना बेल्जियममधून निसटायला मदत केली म्हणून जर्मनांनी तिला १२ ऑक्टोबर १९१५ रोजी ब्रुसेल्सला गोळ्या घातल्या. तिचं थडगं नॉर्विचच्या कॅथीड्रलला लागून आहे. आणि आपल्याकडच्या लोकांना जास्त आस्था वाटावी अशी गोष्ट म्हणजे बीटपासून साखर काढणारा इंग्लंडमधला पहिला यशस्वी कारखाना १९१२ साली याच परगण्यात, कँटली गावात उभा राहिला. त्याचा चेअरमन कोण होता आणि बिलं किती थकली होती, ते मात्र विचारू नका.

माझं एक जुनं दुखणं आहे, ते तुमच्यापुढे मांडायला मी आलोय. युद्धात मेलेल्या माणसाचं काय करायचं हे समाजाला बरोबर कळतं. त्याचं नाव दगडावर कोरायचं, वर्षातून एकदा फुलं वाहायची. जो शरण गेला, कैदेत सडला आणि जिवंत घरी आला, त्याचं काय करायचं ते मात्र समाजाला कळत नाही. नॉरफोकसारखा या गोष्टीचा दाखला दुसरीकडे सापडणं कठीण. कारण या एका परगण्याच्या पलटणी दोन्ही महायुद्धांत घाऊक प्रमाणात कैदेत गेल्या, आणि दोन्ही वेळा त्यांना शत्रूची रेल्वे बांधावी लागली. पहिल्या खेपेला तुर्कांची, दुसऱ्या खेपेला जपान्यांची. हे मला आज सांगायचं आहे. पण त्याआधी ढगाची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय नॉरफोकवर बोलणारा कोणी पुढे जाऊ शकत नाही, आणि मला तर ती सांगायला आवडते.

नॉरफोकमध्ये सँड्रिंगहॅम नावाची राजघराण्याची खाजगी इस्टेट आहे. १९०८ साली सातव्या एडवर्डच्या इच्छेवरून इस्टेटीचा कारभारी फ्रँक बेक यानं तिथल्या नोकरांची एक कंपनी उभी केली. माळी, शिकारीच्या पक्ष्यांची राखण करणारे रखवालदार, शेतमजूर, तबेल्यातले लोक. हे टेरिटोरियल सैन्य, म्हणजे हप्त्याला थोडी कवायत आणि उन्हाळ्यात एक तळ. कंपनीत हुद्दे कसे ठरले असतील ते तुम्ही ओळखलंच असेल. इस्टेटीवर जो मुकादम तो इथे सार्जंट, जो गडी तो शिपाई. सकाळी ज्याच्या हाताखाली कुंपण कापायचं, संध्याकाळी त्याच्याच हुकमावर बंदूक खांद्याला लावायची. ही कंपनी नॉरफोक रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत होती. युद्ध आलं तेव्हा बेक चोपन्न वर्षांचा होता. घरी बसला असता तर कोणी नावं ठेवली नसती. पण ‘ही पोरं मी भरती केली, मी त्यांच्याबरोबर जाणार’ असं त्याचं म्हणणं, आणि तो गेला.

१० ऑगस्ट १९१५ च्या सुमारास ही पलटण तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत सुव्ला उपसागराच्या किनाऱ्यावर उतरली. दोनच दिवसांनी, १२ तारखेच्या दुपारी, तिला टेकड्यांच्या दिशेनं सोडलं. भर उन्हाळा, पाणी अपुरं, नकाशे असून नसल्यासारखे, आणि समोर तुर्क नेमके कुठे आहेत हे कोणालाच धड ठाऊक नाही. पाचव्या पलटणीचा कर्नल प्रॉक्टर-बोशँप मोठा हिरिरीचा माणूस. त्याच्या बाजूला विरोध कमी झाला म्हणून तो पुढे पुढे जात राहिला. बाकीची ब्रिगेड मागे राहिली. कर्नल, सोळा अधिकारी आणि अडीचशे शिपाई झाडीत शिरले. सरसेनापती सर इयन हॅमिल्टननं पुढे खलित्यात लिहिलं, की त्यांच्यातला एकही परत आला नाही, पुन्हा कोणी दिसला नाही, कोणाची काही खबर लागली नाही.

हॅमिल्टनला लिहिण्याचा शौक होता. कविताही करायचा. सेनापतीला कविता यायला लागली की शिपायांचे हाल सुरू होतात असं माझं मत आहे. ते बाजूला ठेवू. पण हे खलित्यातलं वाक्य इतकं चांगलं उतरलं होतं की ते खरं आहे का हे तपासायची गरज कोणाला वाटेना. इकडे सँड्रिंगहॅमला खुद्द पाचव्या जॉर्जला काळजी, कारण आपलेच माळी आणि रखवालदार. त्यानं विचारणा केली, उत्तर काही मिळेना. बेकचं सोन्याचं घड्याळ पुढे एका तुर्की अधिकाऱ्याकडून परत मिळालं आणि ते बेकच्या मुलीला लग्नाच्या दिवशी दिलं, असं सांगतात.

मग १९१९ साली युद्धाच्या थडग्यांचा शोध घेणाऱ्या पथकाला तुर्की फळीच्या मागे, सुमारे आठशे यार्डांवर, एका उद्ध्वस्त शेतघराभोवती प्रेतं सापडली. एकशे ऐंशी. त्यातली एकशे बावीस पाचव्या नॉरफोकची, खांद्यावरच्या बिल्ल्यांवरून ओळखली. नावानिशी ओळख पटली ती दोघा-तिघांचीच. आणि ‘एकही परत आला नाही’ हेही खरं नाही. काही जण जखमी होऊन परत आले, काही तुर्कांच्या कैदेत गेले. म्हणजे गूढ काही उरलं नाही. पलटण फार पुढे गेली, वेढली गेली, मारली गेली. संपलं.

संपलं कसलं! १९६५ साली, गॅलिपोलीच्या पन्नासाव्या वर्षी, न्यूझीलंडच्या तीन माजी सैनिकांनी सह्या करून एक निवेदन दिलं. आम्ही टेकडीवरून डोळ्यांनी बघितलं, म्हणाले. पावाच्या आकाराचे सहा-आठ ढग होते, वारा असूनही जागचे हलत नव्हते. त्याच आकाराचा एक ढग जमिनीला टेकलेला. नॉरफोकची रेजिमेंट त्याच्यात शिरली. शेवटचा माणूस आत गेल्यावर ढग अलगद वर उचलला, बाकीच्या ढगांना जाऊन मिळाला आणि सगळे मिळून बल्गेरियाच्या दिशेनं निघून गेले! बल्गेरियाच का, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. हे निवेदन छापलं ते उडत्या तबकड्यांना वाहिलेल्या नियतकालिकानं. तिथून ते जगभर गेलं. आपल्याकडेही ‘जगातील अद्भुत रहस्ये’ छापाच्या सदरांतून ते येऊन गेलंय. इथे साठी उलटलेले जे आहेत त्यांनी लहानपणी वाचलंही असेल. निवेदनात तारीख १२ च्या ऐवजी २१ ऑगस्ट, आणि पलटण पाचवीच्या ऐवजी चौथी. ही चौथी पलटण पुढे चांगली हयात होती. पण तबकडीवाल्यांना वेळापत्रक कोण दाखवणार?

हसा तुम्ही, पण मला राग येतो तो पुढे. ज्या पाचव्या पलटणीला ढग घेऊन गेला म्हणतात, ती नव्या माणसांनी भरून पुन्हा उभी केली आणि १९ एप्रिल १९१७ ला गाझाच्या दुसऱ्या लढाईत चौथीच्या बरोबर पुढे घातली. दोन्ही पलटणी मशीनगनपुढे उघड्या माळावर कापल्या गेल्या. नॉरफोकच्या घराघरांत त्या दिवशी सुव्लापेक्षा कमी रडारड झाली नसेल. गाझावर निवेदन नाही, ढग नाही, काही नाही. १९९९ साली बीबीसीनं सँड्रिंगहॅमच्या कंपनीवर चित्रपट काढला, त्यातही शेवटी धुकं आहेच. गाझाला धुकं नव्हतं, त्यामुळे तिथे कोणी कॅमेरा नेला नाही.

आणखी एक गंमत सांगतो. नॉर्विचमधल्या युद्धस्मारकाचं अनावरण ९ ऑक्टोबर १९२७ ला झालं. आराखडा लुटियन्सचा, म्हणजे ज्यानं आपलं दिल्लीतलं इंडिया गेट केलं त्याचा. या शहराची साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली होती. अनावरण राजपुत्राच्या हातून नाही, लॉर्डच्या हातून नाही, तर गॅलिपोलीत अपंग झालेल्या एका साध्या स्थानिक शिपायाच्या हातून झालं. मला ही गोष्ट फार आवडते. पण शेजारी पाहुणा म्हणून उभा कोण? जनरल सर इयन हॅमिल्टन! ‘एकही परत आला नाही’ लिहिणारा. त्याच मोहिमेतून परत आलेला माणूस त्याच्या शेजारी उभा राहून दोरी ओढतोय.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलेलं माझ्या लक्षात आलंय. कुतवर येतो, म्हणजे आजच्या इराकमधल्या एका गावावर.

नॉरफोकची दुसरी पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये ११० व्या मराठ्यांबरोबर मेसोपोटेमियात उतरली. बसरा, शैबा, टिग्रिसच्या काठाकाठानं वर, बगदादच्या दारापर्यंत. डिव्हिजनचा सेनापती चार्ल्स टाउनशेंड. आता गंमत बघा, हा टाउनशेंडही मूळ नॉरफोकच्याच घराण्यातला, रेनहॅमच्या टाउनशेंडांपैकी. अठराव्या शतकातला त्यांचा एक पूर्वज शेतात सलगम लावा म्हणून इतका मागे लागायचा की त्याला ‘टर्निप टाउनशेंड’च म्हणायचे. सलगम, बार्ली, क्लोव्हर, गहू अशी चार वर्षांची पिकांची फेरपालट नॉरफोकच्या नावानं ओळखली जाते, तिचा हा खंदा प्रचारक. त्या घराण्यातला हा सेनापती, आणि त्याच्या हाताखाली त्याच मुलखातली कुळांची पोरं.

बगदादजवळ टेसिफॉनला मार खाल्ल्यावर डिव्हिजन मागे फिरून कुतच्या नदीवळणात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, सुमारे एकशे पंचेचाळीस दिवस वेढा. घोडे, खेचरं मारून खाल्ली. हिंदी शिपाई घोड्याचं मांस खायला तयार होईनात. धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप आणवले तरी पुष्कळांनी एप्रिलपर्यंत तोंड लावलं नाही. विमानातून पिठाच्या गोण्या टाकल्या, दळायला जात्याची तळीसुद्धा टाकली. सोडवायला आलेल्या फौजेची तेवीस हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, पण ती पोचली नाही. तुर्कांना वीस लाख पौंड देऊ करून बघितले. ते म्हणाले नको. शेवटी तेरा हजारांनी शस्त्रं खाली ठेवली. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तीन मराठा पलटणी त्यात होत्या.

टाउनशेंडनं फौजेला सांगितलं की तुमच्या सुटकेची खटपट करायला मी पुढे जातो. तो पुढे गेला तो इस्तंबूलजवळच्या बेटावर, बंगल्यात. स्पॉट नावाचा त्याचा कुत्रा होता, त्याला तुर्कांनी सौजन्यानं इंग्रजांच्या बाजूला पोचता केला. शिपाई मात्र चालत निघाले. कुतहून बगदाद, बगदादहून मोसूल, तिथून वाळवंटातून रास अल-ऐन. बूट काढून घेतलेले, पाण्याच्या पिशव्या विकून खाल्लेल्या. गोरे बरेचसे पुढे अमानुस आणि टॉरस डोंगरांकडे बोगदे खणायला गेले, हिंदी शिपाई बरेचसे रास अल-ऐनला रूळ टाकायला. बर्लिन-बगदाद रेल्वे, ती. कुतला पकडलेल्या साध्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून जास्त घरी आले नाहीत. टाउनशेंडला मात्र कैदेत असतानाच १९१७ साली ‘सर’ केलं. पुढे तो पार्लमेंटात निवडूनही गेला. मेला पॅरिसमध्ये, आणि पुरला पूर्वजांच्या गावी, ईस्ट रेनहॅमला. त्या परगण्यातल्या कुतच्या बाकीच्या कैद्यांची थडगी शोधायची तर बगदादला जावं लागतं.

जे परत आले त्यांचं काय झालं? पत्रिकेवरचा खरा विषय हाच होता आणि मला इथे यायला चाळीस मिनिटं लागली. नॉर्विचमध्ये माउसहोल्डच्या बाजूला रेजिमेंटच्या स्मरणार्थ अपंग सैनिकांसाठी घरं बांधली, ती आजही आहेत. १९१९ च्या कायद्यानं परगण्याच्या कौन्सिलनं जमिनी घेऊन माजी सैनिकांना लहान लहान तुकडे कसायला दिले. चांगलं काम. पण बहुतेक जण पूर्वीसारखे दुसऱ्याच्या शेतावर मजूरच होते. युद्धात धान्याला भाव होता तेव्हा सरकारनं मजुरीला किमान दर बांधून दिला होता. १९२० साली तो आठवड्याला ४६ शिलिंगांवर गेला. १९२१ साली सरकारनं तो आधार काढून घेतला, आणि दोन वर्षांत मजुरी २५ शिलिंगांच्या घरात आली. मार्च १९२३ मध्ये नॉरफोकच्या शेतमजुरांनी संप केला. त्या संपातले पुष्कळ जण चार-पाच वर्षांपूर्वी गणवेशात होते. संप मिटला तो २५ शिलिंग आणि पन्नास तासांच्या आठवड्यावर. ही कहाणी सविस्तर सांगण्यासारखी आहे. जॉर्ज एडवर्ड्स नावाचा त्यांचा पुढारी होता, लहानपणी शेतातले कावळे हाकायचा आणि म्हातारपणी पार्लमेंटात गेला. पण चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटं.

घरच्या लोकांबद्दल थोडक्यात. झेपलिन म्हणजे जर्मनांची हवाई जहाजं. त्यांचा इंग्लंडवरचा पहिला हल्ला १९ जानेवारी १९१५ ला झाला तो नॉरफोकवरच, ग्रेट यार्मथ आणि किंग्ज लिन या दोन गावांवर. चार जण मेले. त्यात एक सव्वीस वर्षांची बाई होती, जिचा नवरा तीन महिन्यांपूर्वी फ्रान्समध्ये मारला गेला होता. पहिल्या युद्धाची ही सगळी तऱ्हा त्या एका घरात आली.

दुसऱ्या युद्धात नॉरफोकचं वर्ष म्हणजे १९४२. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, त्यावर येतो. २७ आणि २९ एप्रिलच्या रात्री नॉर्विचवर बॉम्ब पडले, दोनशेहून अधिक लोक गेले. जर्मनांनी जुनी देखणी शहरं निवडून झोडपली, त्यातलं हे एक. उन्हाळ्यात टॉटिंग्टन, स्टॅनफर्ड, वेस्ट टॉफ्ट्स वगैरे गावं रणगाड्यांच्या सरावासाठी रिकामी करून घेतली. युद्ध संपलं की परत या, अशी लोकांची समजूत करून दिलेली. अजून कोणी परत गेलेलं नाही. सैन्य तिथेच आहे. २००९ साली त्या जागेत अफगाण खेडं उभारलं, शिपायांना हेलमंदला जाण्याआधी सराव व्हावा म्हणून. धरणग्रस्तांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि त्याच वर्षापासून अमेरिकन येऊ लागले. नॉर्विचच्या आसपास चौदा विमानतळांवर त्यांची दुसरी एअर डिव्हिजन. त्यांची सात हजारांच्या जवळपास पोरं इथून उडून परत आली नाहीत. जाताना त्यांनी आपसात पैसे गोळा केले आणि स्मारक म्हणून काय दिलं? ग्रंथालय. १९६३ साली ते उघडलं, १ ऑगस्ट १९९४ ला आगीत गेलं, २००१ साली पुन्हा उभं राहिलं. आपण ग्रंथालयात बसलो आहोत म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमदार-खासदारांपैकी कोणी आलं असेल तर ऐकून ठेवावं.

आता सिंगापूर, पळत पळत. रेजिमेंट आता रॉयल नॉरफोक झाली होती. चौथी, पाचवी आणि सहावी या तिन्ही टेरिटोरियल पलटणी १८ व्या डिव्हिजनमध्ये. वाळवंटात लढायचं म्हणून तयारी केलेली. वाटेत असताना जपान युद्धात पडला. पाचवी आणि सहावी जानेवारीत थेट मलायाच्या जंगलात ढकलली. चौथी डिसेंबरअखेर मुंबईला उतरली आणि तीनेक आठवडे आपल्या अहमदनगरला राहिली, समुद्रप्रवासात आखडलेले पाय मोकळे करायला. तिथून तीही सिंगापूर. १५ फेब्रुवारीला सगळं संपलं. चौथीतले काही तर लढले पंधरवडाभर, आणि कैदेत राहिले साडेतीन वर्षं. एकाच परगण्याच्या तीन पलटणी, सख्खे भाऊ, चुलत भाऊ, एकाच बेकरीतले, एकाच क्रिकेट संघातले, एका दिवसात बेपत्ता. घरी वर्ष-सव्वा वर्ष कळलं नाही की पोरगा आहे की गेला. मग एखादं कार्ड, मोजक्या पंचवीस शब्दांचं.

जपान्यांच्या रेल्वेबद्दल तुम्हाला माहीत आहे. सयाम ते ब्रह्मदेश, ४१५ किलोमीटर, ऑक्टोबर १९४३ मध्ये रूळ जुळले. बारा हजारांवर दोस्त कैदी मेले, आणि त्यांच्या कित्येक पट आशियाई मजूर, त्यात मलायातल्या मळ्यांवरचे असंख्य तमिळ. त्यांची नावंसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि ते माझ्या आजच्या विषयापेक्षा मोठं प्रकरण आहे.

याच रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचं मात्र कौतुक झालं. कुतला गेलेलीच ती पलटण, नव्यानं उभी केलेली. १९४४ मध्ये ती ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनबरोबर कोहिमाला होती, आणि ६ मे ला तिथे पडलेल्या तिच्या कॅप्टन रँडलला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या डिव्हिजनच्या तुकड्यांनी जंगलातल्या लढाईचा सराव कुठे केला होता? आपल्याच बेळगावच्या रानात. कोहिमा जिंकली म्हणून कोहिमा सगळ्यांना पाठ.

त्याच दुसऱ्या पलटणीचं १९४० सालचं प्रकरण ऐका. २७ मे, फ्रान्समधलं ल पॅरादी गाव. दारूगोळा संपल्यावर शरण आलेल्या नव्याण्णव जणांना हिटलरच्या एस.एस. दलाच्या माणसांनी भिंतीपुढे उभं करून मशीनगननं मारलं. सत्त्याण्णव मेले. पूली आणि ओ’कॅलाघन असे दोघे प्रेतांखालून जिवंत निघाले. पायाची चाळण झालेला पूली १९४३ साली कैद्यांच्या अदलाबदलीत इंग्लंडला आला आणि आपल्याच सैन्याला ही हकीकत सांगू लागला, तर कोणी विश्वास ठेवेना. ब्रिटिश कैद्यांशी जर्मन असं वागतील? युद्धानंतर तो स्वतः त्या गावी गेला, ज्या बाईनं लपवलं होतं तिला भेटला, तेव्हा चक्रं फिरली. १९४८ साली हँबुर्गला खटला झाला, क्नॉखलाइन या अधिकाऱ्याला जानेवारी १९४९ मध्ये फाशी दिली. तीन माजी सैनिकांनी पन्नास वर्षांनी ढगाची गोष्ट सांगितली तर ती जगभर छापली गेली, आणि तीन वर्षांपूर्वीच्या कत्तलीतून उठून आलेल्या माणसाला तापात भ्रम झाला असेल म्हणून घरी पाठवलं, हे माझं दुखणं.

पूर्वेकडच्या कैद्यांना तर सांगण्याआधीच गप्प केलं. १९४५ साली सुटका होताना त्यांच्या हातात एक पत्रक दिलं. जे मेले त्यांच्या नातलगांना त्रास होईल, तेव्हा काय पाहिलंत ते वर्तमानपत्रांना सांगू नका, जिभेवर ताबा ठेवा. पत्रक देणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण नॉरफोकचा शेतकरी मुळातच कमी बोलणारा. त्याला सरकारनं लिहून दिलं की बोलू नको. झालं, तो चाळीस-चाळीस वर्षं बोलला नाही. बायकोला रात्रीच्या किंकाळ्या ठाऊक, कारण ठाऊक नाही. ताटात भात वाढलेला चालायचा नाही, का ते मुलांना कळायचं नाही. ते एकमेकांशी मात्र बोलायचे. त्यांचे क्लब होते, तिथे. परगण्यात विंडम नावाचं गाव आहे. लिहितात वायमंडहॅम, म्हणतात विंडम, इंग्रजांच्या नादी कोण लागेल! तिथे माल्कम काउइन नावाचा पाद्री होता, स्वतः जपान्यांच्या कैदेत राहिलेला. त्यानं पूर्वेकडच्या कैद्यांचं स्मारक म्हणून तिथे चर्च बांधून घेतलं, १९५२ साली. मृतांच्या नावांची वही तिथे आहे, आणि कैदेतून आलेले जिवंत लोक तिथे दरवर्षी जमायचे. सरकारी दगडापेक्षा मला ते जास्त पटतं.

पैशाचं सांगतो आणि थांबतो, अध्यक्ष उठलेच आहेत. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहानंतर जपानच्या गोठवलेल्या मालमत्तेतून ब्रिटिश कैद्याच्या वाट्याला सुमारे ७६ पौंड आले. साडेतीन वर्षांचे. हिशेब केला तर दिवसाला एका शिलिंगाच्या आसपास. पुढची पन्नास वर्षं ही माणसं भांडत राहिली. जपाननं तहावर बोट ठेवलं, लंडननंही तहावरच बोट ठेवलं. अखेर नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून प्रत्येकी दहा हजार पौंड जाहीर केले, हयात कैद्यांना, आणि ते नसतील तर त्यांच्या विधवांना. सिंगापूरला जो वीस वर्षांचा होता तो तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा. अर्ज करणाऱ्यांत विधवाही होत्या.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी. नमस्कार.